घोडा हलला, फोटो गेला

आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका फसलेल्या फोटोपासून.

सारंगखेड्याची यात्रा तुम्हाला माहीत असेलच. आपल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताचं मंदिर आणि दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार. नवीन कॅमेरा घेऊन मी तिथे गेलो होतो. एका काकांनी नुकतीच आपली घोडी विकली होती. तिला गाडीत चढवायच्या आधी ते म्हणाले, "भाऊ, हिचा एक फोटो काढ ना. आता काही दिसायची नाही." मी नऊ काढले. घरी येऊन बघतो तर लगाम स्पष्ट, आयाळ स्पष्ट, डोळे मात्र पुसट. त्यातला बरा त्यांना पाठवला. उत्तर आलं, "डोळे नाही आले."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मग वाचायला लागलो, तर कळलं की ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

१८३८ मध्ये दाग्येर या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. त्यात रस्ता जवळजवळ रिकामा दिसतो! घोडागाड्या धावत होत्या, पण फोटो उमटायला काही मिनिटं लागायची. जे हललं ते गायब. उरला एक माणूस, बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला.

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तेव्हाच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. त्या काळी स्टुडिओत माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. माणूस ऐकतो हो, पण घोड्याला कोण सांगणार?

उत्तर मिळालं ते १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियात. लेलँड स्टॅनफर्ड या श्रीमंत घोडेमालकाला जाणून घ्यायचं होतं की धावताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून उचलले जातात का. मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे लावले, आडवे दोरे ताणले. घोडा दोरा तोडत पुढे जायचा आणि एकेक शटर पडायचं. पाय उचलले जातात हे सिद्ध झालं. पण चित्रकार दाखवायचे तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! मायब्रिजने घोड्याला थांबवलं नाही, शटर वेगवान केलं.

म्हणजे माझी चूक काय होती? मी मावळतीच्या वेळी, ऑटो मोडवर फोटो काढत होतो. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. तेवढ्यात घोडीने मान हलवली. घरात कुत्र्यामांजराचे फोटो हलतात, तेही बहुतेक वेळा याचमुळे.

आता मी असं करतो. शटर प्रायॉरिटी मोड लावून, जनावर उभं असेल तर सेकंदाचा किमान २५०वा भाग, धावत असेल तर १०००वा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवायचा. थोडे दाणे आलेला फोटो चालतो, हललेला नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर, नाकावर नाही. काही नवे कॅमेरे जनावराचा डोळा स्वतःच शोधतात. नसेल तुमच्यात तर एकच फोकस पॉइंट निवडा. कुत्रं-मांजर असेल तर खाली बसा, डोळ्याला डोळा भिडू द्या. फ्लॅश नको, जनावर बुजतं. सकाळची कोवळी उन्हं किंवा झाडाची सावली उत्तम. आणि आधी पाच मिनिटं कॅमेरा बाजूला ठेवून त्याच्या मालकाशी गप्पा मारा. मालक निवांत झाला की जनावरही निवांत होतं.

ती घोडी आता कुठल्या गावी आहे, मला माहीत नाही. तो फोटो परत मिळणार नाही. तुमच्या अंगणात, गोठ्यात जे कुणी आहे त्याचा फोटो मात्र उद्या सकाळीच काढा. डोळे आले पाहिजेत बरं का!

भेटू पुढच्या भागात.