वसतिगृहाचा नियम आणि भाऊराव पाटील

काळी नदीवरील धरण 1987 साली पुरे झाले. त्याच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले व तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून अशा रानवस्तीतील मुलास वरच्या शिक्षणासाठी घर सोडून परगावी आसरा शोधावा लागत असे. कोणी वार लावून जेवी, कोणी माधुकरी मागे, कोणी ज्ञातीच्या वसतिगृहात राही. अन्न ज्याचे, आचारही त्याचाच पाळावा लागे. या आचाराचा भंग झाल्यास काय घडे, याचे एक उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासात आहे.

शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे 1901 पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी निरनिराळी वसतिगृहे निघाली. पुढे दैवज्ञ व सारस्वत यांचीही निघाली. जैन वसतिगृहाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे पाहत. कुंभोजचे भाऊराव पाटील तेथे विद्यार्थी होते. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करूनच आत यावे, असा हुकूम झाला. भाऊरावांनी स्नान नाकारले आणि त्यांस वसतिगृह सोडावे लागले.

लठ्ठे हे काही जुन्या वळणाचे सनातनी नव्हते; उच्चविद्याविभूषित व सुधारणावादी गृहस्थ होते. परंतु ज्ञातीच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या चालकास ज्ञातीचे मन राखावे लागते. आपल्या देवस्थानांच्या धर्मशाळा व मठांच्या पाठशाळा चालविणाऱ्यांस ही अडचण नवी नाही. तरीही आमच्या मते तो हुकूम अन्यायाचाच होता. चोरी नाही, उनाडकी नाही. माणसे माणसांस भेटली, एवढाच तो अपराध! महाराजांनी भाऊरावांस आपल्याकडे ठेवून घेतले. पण मॅट्रिकपर्यंत त्यांची मजल गेली नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. 1914 साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण झाले व संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला, तुरुंगवास घडला. ज्यांनी दार बंद केले होते त्यांच्यावर सूड घेण्याची संधी आयतीच चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही.

1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह. नियम तेथेही होते, आणि सौम्य नव्हते: मुलांनी स्वतः राबावे, स्वयंपाक करावा, सर्व जातींनी एका पंक्तीस बसावे. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांनी या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव ठेवले, छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.