मुक्कामाचा हक्क : देशोदेशींच्या निवास-नियमांच्या अभ्यासाची प्रस्तावना

शिर्डीत एखादा परदेशी भाविक लॉजवर उतरला, की मालकाला चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, आला कुठून, जाणार कुठे, सगळं भरायचं. वर्षानुवर्षं या कागदाला ‘सी फॉर्म’ म्हणत आले. शेजारच्या खोलीतल्या पुण्याच्या कुटुंबाचं काम आधार कार्डावर भागतं. दोघंही साईबाबांच्या दर्शनाला आलेले, दोघांचाही मुक्काम एका रात्रीचा. तरी सरकारदरबारी त्यांच्या राहण्यात फरक आहे. तो कोणी ठरवला, कशासाठी ठरवला आणि दुसऱ्या देशांत तो असाच आहे का, असं विचारू लागलो की आपण या विषयात पाऊल टाकलेलं असतं.

तिसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर जर्मनीत सापडतं. तिथे घर बदललं की साधारण दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंद करावी लागते, मग तुम्ही जर्मन असा वा परके. जिथे सगळ्यांचीच नोंद होते तिथे परक्याच्या नोंदीत संशयाचा वास राहत नाही. आपल्याकडे देशाच्या नागरिकाला गाव बदलताना कोणालाही कळवावं लागत नाही, आणि म्हणूनच परदेशी माणसाची नोंद उठून दिसते. वरवर सारखाच दिसणारा नियम दोन देशांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. तौलनिक अभ्यासाचं खरं काम हे आहे. ‘कॅनडा सोपा की ऑस्ट्रेलिया’ हे एजंटाच्या कचेरीत विचारायला ठीक आहे. विद्यार्थ्याने मात्र प्रत्येक देश माणसाचं नेमकं काय मोजतो ते पाहावं.

हा विषय दूरचा वाटू नये म्हणून सुरुवात नगर जिल्ह्यापासूनच करतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. जुन्या कागदांवर अहमदनगर आहे आणि इथल्या माणसाच्या तोंडी नुसतं नगर. परक्याला ठेवून घेण्याच्या, हाकलण्याच्या आणि कोंडण्याच्या इतक्या तऱ्हा या एका गावाने पाहिल्या आहेत, की अभ्यासाला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

निजामशाहीत व्हिसा नव्हता, पण आतला आणि बाहेरचा हा भेद धारदार होता. दख्खनी आणि इराण-तुराणातून आलेले आफाकी, असे दरबारात दोन तट होते. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर याच राज्याचा सर्वेसर्वा झाला. उलट, लहानपणी अस्त्राबादहून नगरला आलेला इतिहासकार फेरिश्ता इथल्या उलथापालथीत कसाबसा वाचला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. लेखी नियम नसला की राहण्याचा हक्क आश्रयदात्याच्या आयुष्याइतकाच टिकतो.

लेखी परवान्याचा काळ कंपनी सरकारने आणला. कंपनीच्या मुलखात राहायचं तर युरोपियन माणसालाही तिची परवानगी लागे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले तेव्हा त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. ते सिलोनच्या दिशेने निसटले, कोचीनला सापडले आणि परत मुंबईला आणले गेले. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवान्याची वाट मोकळी केली आणि अखेर त्यांना राहू दिलं गेलं. त्यातून उभ्या राहिलेल्या मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं घातलं. सिंथिया फरार यांनी मुलींना शिकवण्याचं काम इथे केलं आणि १८६२ मध्ये त्या नगरातच वारल्या. मुंबईच्या गव्हर्नराने १८१३ मध्ये तो हुकूम शेवटास नेला असता, तर नगरच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. निवासाच्या नियमांचे परिणाम पुढे पिढ्यान्‌पिढ्या पोचतात, ते असे.

मग आला कोंडण्याचा काळ. बोअर युद्धातले कैदी नगरला आणले गेले. पहिल्या महायुद्धात इथे जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांची छावणी होती आणि तिच्यात बासेल मिशनचे जर्मन मिशनरीही होते. दक्षिणेत आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवलेली, तिथली भाषा बोलणारी ही माणसं एका वटहुकमाने शत्रू ठरली. १९३९ मध्ये याहून विदारक प्रकार घडला. हिटलरच्या छळातून सुटून भारतात आसऱ्याला आलेले ज्यूही, पासपोर्ट जर्मन म्हणून, सुरुवातीला नाझींच्या बरोबरीने पकडून नगरच्या छावणीत टाकले गेले. चौकशी होऊन पुढे बहुतेकांची सुटका झाली. माणूस कोण आहे आणि त्याचा कागद काय म्हणतो यातलं अंतर समजून घ्यायला पुस्तकी सिद्धांतांपेक्षा ही घटना जास्त उपयोगी आहे, असं मी ठामपणे म्हणेन. परदेशी नागरिकांची नोंद सक्तीची करणारा आपला कायदाही १९३९ चाच. तो कायदा, १९२० चा पासपोर्टविषयक कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि २००० चा वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीचा कायदा असे चारही रद्द होऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे.

शांततेच्या काळातलं उदाहरण पाहायला दौंड रस्त्यावरच्या अरणगावला जावं. मेहेरबाबा इराणी आईबापांच्या पोटी पुण्यात जन्मले, १९२३ मध्ये अरणगावला आले, आणि १९६९ पासून त्यांची समाधी मेहेराबादच्या टेकडीवर आहे. त्यांच्यापायी इंग्रज, अमेरिकन, स्विस, ऑस्ट्रेलियन माणसं या कोरड्या मुलखात येऊन राहिली. ऑस्ट्रेलियन कवी फ्रान्सिस ब्रॅबझन यांनी १९५९ पासून दहा वर्षं पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला काढली. आता बारकावा पाहा. १९८४ पर्यंत ऑस्ट्रेलियासारख्या बऱ्याच राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नसे, अमेरिकनाला लागे. एका पंगतीला बसणाऱ्या दोन भक्तांपैकी एकाची भारताशी जुन्या साम्राज्याच्या नात्याने ओळख होती, दुसरा पुरता परका होता. दोघांच्या श्रद्धेचं माप कायद्याजवळ नव्हतं.

मोजायचं काय, यावरून देशांचे स्वभाव कळतात. कॅनडा दिवस मोजतो: कायम रहिवाशाचा दर्जा टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस, नागरिकत्वाला पाच वर्षांत १०९५ दिवस. अमेरिका जन्मस्थळ मोजते. नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त येऊ नयेत असा दंडक आहे, आणि तिथे देश म्हणजे तुमचा जन्म झाला तो देश. संगमनेरात जन्मलेला इंजिनिअर कॅनडाचा नागरिक झाला तरी अमेरिकेच्या लेखी तो भारताच्याच लांबलचक रांगेत उभा असतो; पत्नीचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर तिच्या आधाराने रांग बदलता येते, अशी एक सवलत आहे. इस्रायल वंश आणि धर्म मोजतो, आणि त्या मोजणीत कोकणातून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींना १९६४ पर्यंत आपलं ज्यूपण सिद्ध करण्यासाठी झगडावं लागलं. आखाती देश बहुतांशी मालक मोजतात. नोकरी गेली की मुक्काम हलला. स्वित्झर्लंडमध्ये दहा वर्षं राहिल्यावरही नागरिकत्वाच्या निर्णयात गावाचा शब्द लागतो, आणि ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट इतर युरोपीय वाचकांपेक्षा लवकर उमजेल.

या विषयावरची बरीच पुस्तकं फक्त येणाऱ्याकडे पाहतात. जाणाऱ्यावरही नियम असतात. आपल्याकडे दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’चा शिक्का असतो आणि आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे उत्प्रवासाची मंजुरी घ्यावी लागते. गिरमिटाच्या, म्हणजे करारबद्ध मजुरीच्या, फसवणुकीचा अनुभव या नियमामागे आहे. हेतू संरक्षणाचा आहे हे मान्य. पण संरक्षणाची गरज शाळेच्या निकालावरून ठरते आणि पदवीधर मुलगा तेवढ्याच खोट्या करारावर सही करून जातो, हेही नोंदवायला हवं.

आणि नगरच्या अभ्यासकाने पाथर्डी-शेवगाव विसरू नये. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात, काही पार कर्नाटकात. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने त्यांना देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. चीनमधल्या ‘हुकोऊ’ या कुटुंबनोंदीसारखी अडवणूक इथे कायद्यात नाही. तरी मुलाची शाळा, मतदानाची यादी, तहसीलचा दाखला हे सगळं गावाकडेच राहतं. महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र पंधरा वर्षांचा वास विचारतं. ऊसतोडीच्या फडावर काढलेले सहा-सहा महिने कुठल्या गावच्या खात्यात जमा धरायचे? सरहद्द न ओलांडताही माणूस रहिवासाच्या कागदापासून तुटतो, आणि माझ्या मते हे प्रकरण परदेशी कायद्यांच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवं.

नव्याने येणाऱ्याला एकच सांगणं. टीकाग्रंथांआधी मूळ कायदे वाचा. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या अटी एका बाजूला ठेवा: अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्यामागच्या चौदा वर्षांतली अकरा वर्षं भारतात काढलेली असावीत. दुसऱ्या बाजूला जर्मनीची २०२४ ची दुरुस्ती ठेवा, जिने मुदत पाच वर्षांवर आणली आणि दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तेव्हा म्युनिकमध्ये राहून जर्मन नागरिकत्व घेणाऱ्या कोपरगावच्या मुलीला जर्मनीने भारतीय पासपोर्ट सोडायला सांगितलं नाही, तरी भारताचा कायदा तो सोडायला लावतो. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तिची बाजू कागदावर मांडून पाहा.