सृष्टी आणि शास्त्र : रेव्हरंड टिळकांचा ईश्वरशोध

ईश्वर ग्रंथातून बोलतो ही कल्पना नांदेडकरांस परकी नाही. १७०८ साली याच गोदातीरी गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथसाहिबास गुरुपद दिले, आणि तेव्हापासून येथे एका ग्रंथावर चवरी ढाळली जात आहे. नदीकाठी ईश्वर भेटतो, हीही समजूत जुनीच. पर्वणीच्या दिवशी आमचे घाट त्याची साक्ष देतात. ख्रिस्ती भक्ताच्या जीवनात या दोन वाटा एकमेकींस कोठे मिळतात, हे आज एका मराठी कवीच्या चरित्रावरून पाहावयाचे आहे. त्या कवीचे संस्कृत अध्ययन याच गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिक क्षेत्री झाले. त्यांचे नाव नारायण वामन टिळक.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळू. बायबलातील स्तोत्रसंहितेचे एकोणिसावे स्तोत्र अवघ्या चौदा वचनांचे आहे. पहिली सहा वचने आकाशाची आणि सूर्याची. सातव्यापासून एकाएकी धर्मशास्त्राचे वर्णन सुरू होते. हा सांधा काही पंडितांस इतका खटकला, की ही मुळात दोन निराळी स्तोत्रे असावीत असे त्यांनी म्हटले. असोत बापडी! मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. आकाश पाहत असता कवी केवळ विस्मित होतो. आपल्या गुप्त दोषांची क्षमा तो मागतो, ती शास्त्राजवळ आल्यानंतर. सृष्टी वैभव दाखविते, पण माणसाचे स्वतःचे मन त्यास उघडे करून दाखविण्याचे काम ती क्वचितच करते.

मराठीत या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा पहिला मोठा यत्न एका इंग्रजाने केला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी वाचावयास काही द्या, अशी नवख्रिस्ती लोकांची मागणी होती. स्टीफन्सने ओवी छंद घेतला, कथा जगाच्या उत्पत्तीपासून आरंभिली, आणि मराठी भाषेच्या स्तुतीसाठी उपमा घेतल्या त्या मोगऱ्याच्या, कस्तुरीच्या, मोराच्या. परदेशचे शास्त्र येथल्या फुलांचा वास घेऊन आले. दुर्दैव असे, की त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

आता टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखतो. ‘वनवासी फूल’ या काव्यात तर रानातल्या एका फुलाशी त्यांनी जीवनाच्या हेतूविषयी दीर्घ संवादच मांडला आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांस एक अपरिचित युरोपियन गृहस्थ भेटले. गोष्टी काव्यावरून निघाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळक वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते असे खिळले, की ती पाने त्यांच्याने सोडवेनात.

या प्रवचनात काय आहे? आकाशातील पाखरे पेरणी करीत नाहीत, रानातील भुकमळे सूत कातीत नाहीत, तरी पिता त्यांची काळजी वाहतो, असे ख्रिस्त तेथे सांगतो. माझा तर्क असा, की फुलांच्या या कवीला शास्त्रात आपलेच फूल पुन्हा भेटले. मात्र आता त्याच्यामागे एक पिता उभा होता. वडिलांच्या धाकात ज्याचे बालपण गेले, त्यास या शब्दाचे मोल किती असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

किंमतही द्यावी लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. ही ताटातूट सुमारे पाच वर्षे टिकली. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. तोवर सोसलेले दुःख ‘स्मृतिचित्रे’त वाचावे, माझ्या शब्दांनी ते उणे होईल. टिळकांनी मात्र मराठी संतांचा हात सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या भजनांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूरच पालटला.

येथे एक शंका उभी राहते, आणि ती लातूरकरांनी विचारली तर तिला उत्तर दिलेच पाहिजे. सृष्टी म्हणजे फुलेच काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि जड दगडी भिंतींखाली झोपलेली हजारो माणसे गेली. तेथे कोणता ईश्वर पाहावयाचा? पहिल्या राजांच्या ग्रंथात, एकोणिसाव्याच अध्यायात, एलीया नावाच्या संदेष्ट्याची कथा आहे. प्रचंड वारा सुटला, त्यात परमेश्वर नव्हता, भूकंप झाला, त्यातही नव्हता, अग्नीतही नव्हता, नंतर एक मंद वाणी ऐकू आली. म्हणजे सृष्टीतील प्रत्येक घडामोडीस ईश्वराची वाणी समजू नये, हे शास्त्रच सांगते. भूकंपाला देवाचा कोप म्हणणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

टिळकांनाही सृष्टीचे हे दुसरे रूप अपरिचित नव्हते. १८९९-१९०० चा दुष्काळ नगर जिल्ह्याने भोगला. त्या काळी निराधार झालेल्या मुलांना टिळक दांपत्याने घरात आसरा दिला. घरात पैसा कधीच टिकत नसे. त्यात ही भर. फुलांवर लिहिणाऱ्या कवीचे हे दिवस त्याच्या चरित्रात मला सर्वांत मोलाचे वाटतात.

१९०९ साली टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले. थोडे अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे चालविले आणि त्याचा बहुतेक भाग स्वतः रचून शेवटास नेला. १९३६ साली त्या वारल्या. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९३८ साली.