विवादित मते (कामगार संघटनेची मान्यता-निवडणूक)

विवादित मते : कारखाना, महामंडळ, आगार किंवा कार्यालय यांतील कामगारांच्या वतीने व्यवस्थापनाशी बोलणी करण्याचा अधिकार कोणत्या संघटनेला असावा, हे ठरवण्यासाठी झालेल्या गुप्त मतदानात ज्या मतांच्या वैधतेवर हरकत घेतली गेली आहे, अशी मते. हरकत दोन प्रकारची असते. पहिली मतदाराबद्दल: मत देणारा मतदार म्हणून पात्र होता का? दुसरी मतपत्रिकेबद्दल: तिच्यावरची खूण कोणाला दिलेले मत दाखवते? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. ते वेगळ्या वेळी आणि वेगळ्या पुराव्यावर सोडवावे लागतात. मत कोणाच्या पारड्यात पडणार हे कळण्याआधी त्याच्या वैधतेचा निर्णय व्हावा, हे या साऱ्या प्रक्रियेचे मूलतत्त्व होय. निकाल बघून नियम लावला, तर हरलेल्या बाजूच्या कामगारांचा विश्वास उडतो आणि विजयी संघटनाही बोलणीच्या टेबलावर दुबळी ठरते.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात हा वाद बहुतेक वेळा मतपेटीऐवजी सदस्य-वर्गणीच्या पावती पुस्तकावर झाला आहे. कामगार संघटनांना मान्यता देणे आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे यांसाठी राज्याने १९७१ मध्ये अधिनियम केला व तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात मान्यता मिळवण्यासाठी संघटनेकडे अर्जाच्या महिन्यापूर्वीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगारांची सदस्यता असावी, अशी अट त्याने घातली. अर्ज औद्योगिक न्यायालयाकडे जातो. न्यायालय सूचना फलकावर नोटीस लावून इतर संघटना, मालक आणि कामगार यांच्या हरकती मागवते. सदस्यसंख्येच्या पडताळणीत त्याला तपास अधिकाऱ्यांचे साहाय्य मिळते. एका उपक्रमात एका वेळी एकच मान्यताप्राप्त संघटना असते. मालकाच्या हितासाठी उभी केलेली संघटना मान्यतेस अपात्र ठरते.

स्पर्धेतील दोन्ही संघटना राजी असतील तर सदस्यसंख्येची पडताळणी सोडून गुप्त मतदान घेता येईल का, हा प्रश्न मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीतील वादात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९९० च्या निर्णयात न्यायालयाने सांगितले की, मान्यता देण्याची रीत अधिनियमाने आखून दिली आहे आणि संघटनांच्या संमतीने ती बदलता येत नाही. त्यामुळे या अधिनियमाखाली वादाचा विषय राहिला तो विवादित सदस्यतेचा. एकच कामगार दोन संघटनांच्या यादीत दिसतो. वर्गणीची पावती आहे, पण सही जुळत नाही. सहा महिन्यांपैकी एका महिन्याची नोंद गहाळ आहे. अशा प्रत्येक नावाला एका मताइतकेच वजन असते.

मतदान की पडताळणी, हा वाद मात्र जुना आहे. उद्योगांसाठीच्या १९५८ च्या शिस्तसंहितेने पडताळणीचा मार्ग धरला. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात मान्यता सक्तीची असावी असे म्हटले. पद्धतीची निवड प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगावर सोपवली. केंद्रीय कामगार संघटनांपैकी इंटकचा कल पडताळणीकडे, तर आयटक व हिंद मजदूर सभा यांचा गुप्त मतदानाकडे होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपामागे बोनस आणि वेतनाच्या मागण्यांबरोबर प्रतिनिधित्वाची हीच खदखद होती. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक संघटना होती, तर लाखो गिरणी कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे उभे होते. कामगारांचा कौल मोजायची सर्वांना पटेल अशी वाट नसली की तो रस्त्यावर व्यक्त होतो, हे त्या संपाने दाखवून दिले.

गुप्त मतदानाची चौकट : भारतीय अन्न महामंडळाच्या कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुप्त मतदानाची तपशीलवार कार्यपद्धती घालून दिली. देशातील मान्यता-निवडणुकांसाठी ती आजही आधारभूत मानली जाते. तिच्यानुसार मतदान मुख्य कामगार आयुक्तांच्या (केंद्रीय) देखरेखीखाली होते आणि ते निवडणूक निर्णय अधिकारी नेमतात. व्यवस्थापनाने दिलेल्या कर्मचारी यादीवरून मतदार यादी बनते. ती सूचना फलकावर लागते आणि तिच्या प्रती संघटनांना मिळतात. ठरलेल्या मुदतीत हरकती घ्यायच्या असतात व त्यांवर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. मतपत्रिकेवर संघटनांची नावे वर्णक्रमाने आणि चिन्हांसह येतात. मतदान केंद्रावर आणि मोजणीला प्रत्येक संघटनेचा प्रतिनिधी हजर राहू शकतो.

एकाहून अधिक ठिकाणी खूण केलेल्या, खराब झालेल्या, रद्द केलेल्या किंवा फाटलेल्या मतपत्रिका वैध धरल्या जात नाहीत, पण त्यांचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. हा वेगळा हिशेब महत्त्वाचा आहे. बाद मतांचा गठ्ठा आणि त्याची संख्या नोंदलेली असेल, तरच पुढे कोणाला ती तपासून पाहता येते. फेरमोजणीचा अर्ज मोजणीच्या जागी हजर असलेल्या प्रतिनिधींमार्फत, निकाल जाहीर होण्यापूर्वीच करावा लागतो. निकाल जाहीर झाल्यावर तो घेतला जात नाही. मोजणीच्या तक्त्यावर सर्व संघटनांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतात. निवडणुकीतील बेकायदेशीर गोष्टी किंवा गंभीर अनियमितता यांविषयीची हरकत मुख्य कामगार आयुक्त ऐकतात आणि ती ३० दिवसांत निकाली काढायची असते. सर्वाधिक मते मिळवणाऱ्या संघटनेची मान्यता पाच वर्षे टिकते.

भारतीय रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान पहिल्यांदा २००७ मध्ये, त्यानंतर २०१३ मध्ये आणि पुढे डिसेंबर २०२४ मध्ये झाले. तेलंगणातील सिंगरेणी कोळसा खाणींत १९९८ पासून अशी निवडणूक होत आली असून २७ डिसेंबर २०२३ रोजीही मतदान झाले.

पात्रतेवरील हरकती : मतदार यादीवरचे वाद बहुधा ठरावीक गटांभोवती फिरतात. बदली कामगार मस्टरवर असतो, पण रोज कामावर नसतो. शिकाऊ उमेदवार १९६१ च्या कायद्यानुसार प्रशिक्षणार्थी असतो. पर्यवेक्षकाचा हुद्दा एक आणि प्रत्यक्ष काम दुसरेच असते. बडतर्फ कामगाराचा दावा न्यायालयात पडून असतो. कंत्राटी कामगाराचा मालक कोण, हाच वाद असतो. २००१ च्या सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मालक-कामगार नातेच वादग्रस्त असेल तर ते आधी योग्य मंचापुढे सिद्ध व्हायला हवे.

या हरकती यादी लागली तेव्हाच मांडणे सर्वांत हिताचे असते. तोपर्यंत कोणी कोणाला मत दिले हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून निर्णय निखळ पात्रतेवर होऊ शकतो. तरीही काही प्रश्न थेट केंद्रावर उद्भवतात. सार्वत्रिक निवडणुकांसाठीच्या १९६१ च्या नियमांत त्यांची दोन उत्तरे सापडतात. मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतली गेली तर केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो. अशा मताला आक्षेपित मत म्हणतात. एखाद्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराला ओळख पटवून प्रदत्त मत देता येते. ती मतपत्रिका पेटीत न जाता वेगळ्या पाकिटात राहते.

अमेरिकेत १९३५ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय श्रम संबंध मंडळाने पाकिटाचीच पद्धत पात्रतेच्या वादालाही लावली. हरकत घेतलेल्या मतदाराला परत पाठवले जात नाही. त्याची मतपत्रिका कोऱ्या पाकिटात जाते आणि ते पाकीट नाव व हरकतीचे कारण लिहिलेल्या दुसऱ्या पाकिटात बंद होते. मोजणीनंतर अशा मतांनी निकाल बदलू शकत असेल तरच चौकशी होते. पात्र ठरलेली आतील पाकिटे बाहेरच्या नावांपासून वेगळी करून एकत्र मिसळतात आणि मगच उघडतात, म्हणजे कोणाचे मत कोणते हे कळत नाही. पात्र मत एकच निघाले आणि ते एकटे उघडले, तर त्या कामगाराचा कौल व्यवस्थापनापुढे उघडा पडतो. म्हणून पात्रतेचा निवाडा करताना गुप्तता राखण्याची तजवीजही आधीच करावी लागते.

निर्णायक संख्या : अशा पाकिटबंद आक्षेपित मतांची चौकशी कधी करावी, याचे गणित अॅमेझॉनच्या अलाबामा राज्यातील बेसेमर येथील गोदामात झालेल्या दोन मतदानांतून स्पष्ट होते. २०२१ मध्ये संघटनेच्या बाजूने ७३८ आणि विरोधात १७९८ मते पडली. फरक १०६० मतांचा होता आणि आक्षेपित मते ५०५ होती. सगळी एका बाजूला गेली असती तरी निकाल बदलला नसता. पुढे फेरमतदान झाले. २०२२ मध्ये ८७५ विरुद्ध ९९३ अशी मोजणी झाली. फरक ११८ वर आला आणि आक्षेपित मते ४१६ होती. आता सारा निकाल त्या पाकिटांत अडकला.

भारतात फरकाबरोबर टक्केवारीचा छेदही पाहावा लागतो. रेल्वेत मान्यतेसाठी एकूण मतदारांच्या ३० टक्के किंवा झालेल्या मतांच्या ३५ टक्के असा निकष आहे. समजा, ८०० मते पडली आणि त्यांत ४० बाद ठरली. ३५ टक्के ८०० वर काढले तर २८० मते लागतील. ७६० वैध मतांवर काढले तर २६६ पुरतील. १४ मतांचा हा फरक एखाद्या संघटनेची मान्यता ठरवू शकतो. बाद मते छेदात धरायची की नाहीत, हे मतदानाआधी लेखी ठरलेले असावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार एकाहून अधिक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. हा छेद मस्टरवरील कामगारांचा आहे. कोणालाच ५१ टक्के मिळाले नाहीत तर वाटाघाटी परिषद बनते आणि किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांना प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी मिळतो. अशा रचनेत मोजक्या विवादित मतांवर एखाद्या संघटनेची परिषदेतील जागा जाऊ किंवा येऊ शकते.

मतपत्रिकेवरील हरकती : मोजणीच्या टेबलावर बहुतेक वाद खुणेचे असतात. १९६१ च्या निवडणूक नियमांनी दिलेली कारणे येथेही उपयोगी पडतात: खूणच नाही, एकाहून अधिक चिन्हांवर खूण आहे, मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले आहे, दिलेल्या शिक्क्याऐवजी दुसऱ्याच साधनाने खूण केली आहे, मतपत्रिका बनावट आहे, किंवा तिच्यावर केंद्राध्यक्षाची सही नाही. त्याच नियमांनी एक आधारही दिला आहे. खूण अस्पष्ट आहे किंवा एकाच चिन्हावर दोनदा उमटली आहे, एवढ्यावरून मत बाद करता येत नाही. मतदाराचा कौल स्पष्ट दिसत असेल तर ते मोजावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण घडीच्या डागाचे. मतदार शिक्का मारतो, शाई ओली असतानाच पत्रिका दुमडतो आणि समोरच्या रकान्यात दुसरा ठसा उमटतो. पत्रिका उलगडताच एका संघटनेचा प्रतिनिधी म्हणतो, दोन ठिकाणी शिक्का आहे, मत बाद करा. अधिकाऱ्याने पत्रिका पुन्हा घडीवर दुमडून पाहावी. डाग घडीचा असेल तर दोन्ही ठसे एकमेकांवर बसतात आणि दुसरा ठसा आरशातल्यासारखा उलटा असतो. भारतीय निवडणुकांतील बाणफुलीच्या शिक्क्याची रचनाच अशी आहे की सुलट ठसा आणि उलट ठसा वेगळे ओळखू येतात. मत मूळ ठशाच्या चिन्हाला जाते. साधा गोल शिक्का वापरला तर ही परीक्षा अवघड होते, म्हणून मान्यता-निवडणुकीतही शिक्क्याची निवड विचारपूर्वक करावी.

जिंतूरच्या संदर्भात : हे प्रश्न स्थानिक पातळीवर कसे दिसतात, याचे उदाहरण म्हणजे परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे तालुक्याचे गाव. येथे एस.टी.चे आगार आहे, कापूस पट्टा असल्याने जिनिंग-प्रेसिंग आहे, आणि तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण व जलविद्युत केंद्र आहे. तिन्ही ठिकाणी पात्रतेचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. एस.टी. महामंडळात मान्यता राज्यपातळीवर ठरते, त्यामुळे जिंतूर आगारातील वाहकाची वर्गणी राज्यभराच्या बेरजेत जाते. त्याच्या नावावर घेतलेली हरकत दूरच्या कार्यालयात तपासली जाण्याचा धोका असतो. वीज केंद्रात कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी राबतात. जिनिंगमध्ये काम हंगामाचे, मुख्यतः दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंतचे. सलग सहा महिन्यांच्या सदस्यतेची अट हंगामी कामगाराला गाठणे कठीण, आणि ५० कामगारांची मर्यादा लहान कारखाने गाठतच नाहीत. जिंतूरला रेल्वे नाही, पण जवळची सेलू व परभणी ही स्थानके दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतात. तेथील रेल्वे कामगारांना गुप्त मतदानाचा अनुभव आहे. त्याच भागातील एस.टी. कामगारांना पडताळणीचा. एकाच तालुक्याच्या परिसरात या दोन्ही व्यवस्था नांदतात.

मूल्यमापन : मतदान आणि पडताळणी या दोन्हींत उणिवा आहेत. पडताळणीत कामगाराचे नाव उघड असते, म्हणून दबावाला वाव राहतो. मतदानात नाव झाकलेले असते, पण यादी आणि मोजणी नीट नसेल तर गोंधळ होतो. विवादित मतांच्या निवाड्यात तीन गोष्टी कामगाराच्या हिताच्या ठरतात. पात्रतेचा वाद यादीच्या टप्प्यावर मिटवावा. केंद्रावर शंका आली तर मतदाराला परत न पाठवता त्याचे मत पाकिटात सुरक्षित ठेवावे. आणि कारकुनी चुकीपायी कामगाराचा कौल बुडू देऊ नये. केंद्राध्यक्षाने सही करायची राहून गेली, व्यवस्थापनाने यादीतले नाव चुकीचे लिहिले, तर त्याची शिक्षा मशिनवर किंवा स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला होता कामा नये. मान्यता मिळालेली संघटना पुढची काही वर्षे त्याच्या पगाराचे, पाळीचे आणि रजेचे करार करणार असते. त्या करारांना तो बांधील राहणार असेल, तर त्याचे मत मोजले गेले की नाही, आणि नसेल तर का, याचे लेखी उत्तर त्याला मिळालेच पाहिजे.