काट्याला फसवलं की गिऱ्हाइकाला?

एसईओच्या, म्हणजे शोधयंत्राच्या यादीत वेबसाइट वर आणण्याच्या, धंद्यात एक मत घट्ट रुजलं आहे. 'ब्लॅक हॅट' म्हणजे गूगलला न आवडणाऱ्या युक्त्या, इतकंच. एका खासगी कंपनीचा नियम मोडला तर त्यात अनीती कसली? फसतं ते यंत्र, माणूस नव्हे; आणि करतात तर सगळेच.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट आपल्या यादीतून काढली. तिथली काही पानं यंत्राला 'जुन्या गाड्या' हे शब्द पुन्हापुन्हा दाखवत आणि माणसाला भलत्याच पानावर नेत. थोड्याच दिवसांत ती वेबसाइट यादीत परतली. छोट्या दुकानदाराला इतक्या लवकर माफी मिळेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण शिक्षा सर्वांना सारखी होत नाही, म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही. वजनमापांवर सरकारी शिक्का नव्हता तेव्हाही काटा मारणं ही लबाडीच होती.

'यंत्रच फसतं' हे विधान मात्र मुळातूनच चूक आहे. गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मांडलेलं पेजरँक हे पानांचा क्रम लावण्याचं सूत्र उभं आहे ते विद्वानांच्या संदर्भ देण्याच्या रीतीवर. एका पानाने दुसऱ्याला दुवा दिला की ती एक शिफारस. आणि शिफारस करणाऱ्याचं वजन जितकं जास्त, तितकं तिचं मोल जास्त. आपलं न्यायशास्त्र याला शब्दप्रमाण म्हणेल. आप्ताचं, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं, बोलणं आपण मानतो, कारण त्याला विषय ठाऊक असतो आणि खोटं बोलण्यात त्याचा स्वार्थ नसतो. यंत्र मोजतं त्या माणसांच्या साक्षी. विकत घेतलेला दुवा म्हणजे फितवलेला साक्षीदार, आणि त्याच्या साक्षीवर विसंबून वस्तू घेतं किंवा दुखण्यावर उपाय शोधतं ते माणूसच. गिऱ्हाइकाला नाही, मी काट्याला फसवलं, असं कुठल्या वाण्याने म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उजेडात आणलेलं प्रकरण पाहा. जे. सी. पेनी हे अमेरिकी दुकान 'ड्रेस', 'गालिचे' अशा शोधांत सणासुदीच्या ऐन हंगामात पहिलं येत होतं. घोरणं, बाथरूमच्या टाइल्स अशा असंबद्ध विषयांच्या पानांवर त्याचे दुवे पेरलेले निघाले. हे आमच्या संमतीने झालं नाही, असं सांगून कंपनीने आपल्या एसईओ सल्लागारांना काढून टाकलं. गूगलनेही तिला खूप खाली ढकललं. पण हंगाम तर उरकला होता. त्या काळात जो खरोखर चांगले गालिचे विकत होता, तो तिच्यामुळे एक पायरी खाली राहिला. त्याची भरपाई कुणी केली नाही. यादीत फुकट वर चढता येत नाही. कुणीतरी खाली जातोच.

आणि सगळेच साक्षी विकत घेऊ लागले, तर विकत घ्यावी अशी साक्षच उरणार नाही.

पैसे देऊन दुवा लावायला तर मनाईही नाही. २००५ पासून 'नोफॉलो' आणि २०१९ पासून 'स्पॉन्सर्ड' ही चिन्हं उपलब्ध आहेत. ती लावली की वाचक दुव्यावरून येऊ शकतो, पण ही शिफारस नव्हे, हे यंत्राला कळतं. दुवे विकत घेणाऱ्याला एवढं चिन्ह लावायला सांगून पाहा. तो नाही म्हणेल, कारण त्याने पैसे मोजलेले असतात ते साक्षीसाठी.