पेशींची वाटचाल : परळ ते खारघर

जखम भरताना तिच्या कडेच्या पेशी उघड्या पडलेल्या जागेकडे सरकतात आणि कर्करोग पसरताना गाठीतील पेशी लगतच्या ऊतींत शिरतात. दोन्ही घटनांच्या मुळाशी पेशींचे स्थलांतर असल्यामुळे त्यांच्या अभ्यासाच्या प्रयोगशाळेतील पद्धतीही बऱ्याच अंशी सामाईक आहेत. रायगड किनारपट्टीत, पनवेल तालुक्यातील खारघर येथे, या पद्धती आल्या त्या कर्करोग संशोधनाच्या वाटेने, आणि ती वाट मुंबईतील परळहून निघते.

शरीराबाहेर जिवंत पेशींची हालचाल पाहण्याचा पाया अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये घातला. बेडकाच्या गर्भातील चेतातंतू लसिकेच्या लोंबत्या थेंबात वाढतात, हे त्यांनी दाखवले. पुढे मॉन्ट्रोझ बरोज व अलेक्सिस कॅरेल यांनी गोठलेल्या रक्तद्रवाच्या आधाराने ही पद्धत उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या ऊतींना लागू केली. पहिल्या महायुद्धात याच कॅरेल यांच्या फ्रान्समधील रुग्णालयात सैनिकांच्या जखमांच्या कडा पारदर्शक कागदावर उतरवून त्यांचे क्षेत्रफळ ठरावीक अंतराने मोजले जाई. उघडे क्षेत्र किती घटले यावरून जखम भरण्याचा वेग काढण्याची ही रीत पुढे पेशींच्या अभ्यासातही उपयोगी पडली.

परळ येथे १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवल्यानंतर बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात जगवण्याचे, तंत्र आत्मसात केले आणि परतल्यावर परळच्या केंद्रात देशातील पहिली मानली जाणारी ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. याच संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या गाठींपासून चार नवे पेशीवंश, म्हणजे पिढ्यानपिढ्या वाढवता येणारे पेशींचे साठे, तयार केल्याचे प्रसिद्ध केले. २००२ मध्ये संस्था खारघरला हलली आणि ‘अ‍ॅक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

पेशींचे स्थलांतर अभ्यासण्याच्या पद्धतींत सर्वांत सोपी ओरखडा चाचणी होय. १९६५ मध्ये टोडारो, लझार व ग्रीन यांनी उंदराच्या पेशींच्या थरातील एक पट्टी काढून टाकून रिकाम्या जागेलगतच्या पेशींचे काय होते ते तपासले होते. आज प्लास्टिकच्या बशीत पेशी एकमेकींना भिडून एकपदरी थर तयार होईपर्यंत वाढवतात, पिपेटच्या बारीक टिपने त्यावर सरळ रेघ ओढतात, सुटलेल्या पेशी धुऊन टाकतात आणि बशी ३७ अंश सेल्सियसला ठेवून ठरावीक तासांनी त्याच जागेची छायाचित्रे घेतात. मात्र रेघ भरून येण्यास पेशींचे सरकणे कारण आहे की त्यांचे विभाजन, हा संशय उरतो. म्हणून पोषक द्रवातील सीरम कमी करून किंवा मायटोमायसिन हे विभाजन रोखणारे औषध देऊन ही दोन्ही कारणे वेगळी केली जातात. १९६२ मध्ये स्टीफन बॉयडन यांनी दोन कप्प्यांमध्ये सच्छिद्र पडदा बसवून दुसरी पद्धत मांडली. तीत रासायनिक ओढीमुळे पडद्यापार गेलेल्या पेशी मोजतात.

खारघरच्या संशोधकांनी हालचालीच्या अशा मोजमापांच्या आधारे पेशींना बांधून ठेवणारी प्रथिने तपासली. २००८ च्या त्यांच्या अभ्यासात शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या प्लाकोफिलिन-३ या प्रथिनाचे प्रमाण घटवताच पेशींची पकड सैल झाली व हालचाल वाढली. २०११ च्या अभ्यासात तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतील केराटिन-८ घटवल्यावर हालचाल उलट मंदावली. पेशीला आकार व बळकटी देणारे तंतू ज्या प्रथिनांचे बनतात, त्या केराटिन कुळातील हे प्रथिन आहे. पेशीच्या सांगाड्याचा एखादा घटक तिला जागी धरून ठेवतो की पुढे सरकण्यास बळ देतो, हे त्यामुळे दर वेळी तपासूनच ठरवावे लागते.

बशीतील ओरखड्यात रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी नसतात आणि खाली जिवंत ऊतींऐवजी प्लास्टिक असते. त्यामुळे तिच्यातील निष्कर्ष प्राण्यांवरील व रुग्णांच्या ऊतींवरील अभ्यासाशी पडताळून घ्यावे लागतात. तरीही एका वेळी एकच प्रथिन बदलून त्याचा परिणाम काही तासांत मोजता येतो, आणि याच गुणामुळे परळला रुजलेले ऊतीसंवर्धन खारघरमध्ये पेशींच्या स्थलांतराच्या अभ्यासाचे साधन बनले.