गोऱ्हा कीं कालवड?

पूर्वींच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत गाय व्याली म्हणजे शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात: गोऱ्हा कीं कालवड? प्रश्न जुनाच आहे. ज्या उत्तरानें घर हरखून जातें तें मात्र गेल्या पाऊणशें वर्षांत अगदीं उलटें झालें. अहमद निजामशहानें १४९४ त वसविलेल्या शहराच्या तटाबुरुजांवर आमच्या इतिहासकारांनीं रग्गड शाई खर्चिली. गोठ्यांतील ही उलथापालथ मात्र त्यांच्या दृष्टीस फारशी पडली नाहीं.

पूर्वीं गाय पाळीत ती मुख्यतः बैलासाठीं. काळ्या भारी जमिनींत लांकडी नांगर ओढण्यास तीन-चार जोड्या लागत. विहिरीवरची मोटहि बैलांवांचून चालत नसे. दूध निघे तें शेर-दोन शेर, आणि त्यांतलाहि चांगला वांटा गोऱ्ह्याच्या तोंडीं जाई, कारण पुढें जूं त्याच्याच मानेवर यावयाचें असे. १८७६-७७ च्या दुष्काळांत दख्खनचीं गुरें अतोनात मेलीं. त्यानंतर ज्या घरीं गोऱ्हा जन्मला असेल, त्या घराला केवढा धीर आला असेल! अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागांत डांगी गाई अजूनहि याच हिशेबानें पाळतात. धो धो पावसांत भातखाचरांतून चालणारा तो बैल राजूरच्या प्रदर्शनांत मानानें मिरवतो.

सपाटीवर मात्र पाणी आलें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ त पुरें झालें. लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानें निघालेल्या सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गाळप १९५०-५१ सालीं झालें. उसाच्या वाढ्यांनीं वैरण पुरविली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर दुधाचा रोख पैसा हा मोठा आधार ठरला. कृत्रिम रेतन गांवोगांव पोंचलें. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरांतून 'फुले त्रिवेणी' गाय सिद्ध केली. वशिंड गेलें, कास वाढली, आणि नांगरटीला ट्रॅक्टर आला.

आज सुमारें २८० दिवस भरलेली गाय अडूं लागली म्हणजे मालक बॅटरी घेऊन गोठ्यांत बसतो. वार पडेपर्यंत त्याचा डोळ्याला डोळा लागत नाहीं. कालवड झाली तर तिला लागलीच चीक पाजतात, शेजारीं खरवस जातो. वासरूं रोगांशीं झुंजण्याची शक्ति घेऊन जन्मत नाहीं. ती त्याला या चिकांतूनच मिळते. गोऱ्हा झाला तर मात्र पुष्कळ ठिकाणीं चीक त्याच्या वांट्याला कमी येतो, आणि दूध त्याहून कमी. १९७६ च्या कायद्यानें गाय व वासरूं यांच्या वधास बंदी झाली, २०१५ त ती बैल व वळू यांसहि लागू झाली. परंतु वैरणीचा खर्च लहान गोठेवाल्याच्याच माथीं राहिला. त्याला निर्दय म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. दुधाचा भाव रुपयानें वाढला तरी कुरकुरणारीं आम्ही शहरांतलीं माणसें.

अलीकडे रेतमात्रेंतच निवड करून दहांतल्या नऊ कालवडीच जन्माव्या अशी सोय निघाली आहे. पोळ्याला मात्र अशा कित्येक घरांत पाटावर मातीचे बैल मांडून पूजा होते, कारण दावणीला खरा बैल उरलेला नाहीं.